सुताराची झोपडी

वेरूळच्या १०व्या लेण्याला लोक 'सुतार का झोपडा' म्हणतात. आत मान वर केली की छताला कमानदार फासळ्या दिसतात. त्या दगडाच्याच, भार कसलाच पेलत नाहीत. इ. स. ७व्या शतकातली ही नक्कल कशाची, ते कार्ल्याला कळते. तिथल्या चैत्यगृहात सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या सागवानी फासळ्या अजून जागेवर आहेत. अजिंठ्याच्या १०व्या लेण्यातल्या मात्र गेल्या, खाचा उरल्या. लाकडाची गरज संपली तरी पाथरवटांचा हात सुतारकामाची सवय सोडेना, असे आम्हांला वाटते.

सागाला वाळवी सहसा लागत नाही, ती त्यातल्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे. गाभ्याचा सोनेरी-तपकिरी रंग आणि काळपट पट्टेही अशाच साठलेल्या द्रव्यांचे. रेषांचे कारण वेगळे. हंगामाच्या सुरुवातीला साग मोठ्या नळ्या बनवतो, पुढे बारीक. म्हणून दरवर्षीचे कडे उठून दिसते. बिलियर्डच्या काठ्यांना वापरतात त्या मेपलमध्ये नळ्या बारीक आणि सर्वत्र विखुरलेल्या. ते लाकूड जवळजवळ कोरे दिसते, आणि एखादी तपकिरी रेघही डोळ्यांत भरते.

वेरूळच्या बेसॉल्टमध्ये अशी कडी कुठून येणार? कारागिरांनी आकार तेवढा घेतला. शाळेत सागवानी बाक असेल तर त्याचे आडवे कापलेले टोक मुलांना दाखवावे. नळ्यांची रांग भिंगाशिवायही दिसते.