अपघाताची नोंद

आमच्या भिवंडीत मागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. थांबला म्हणून कारागिराला कळते, कुठेतरी बिघडले. रेल्वेत हे काम अपघाताच्या खबरीचे. १८९० च्या कायद्यातही ती देणे बंधनकारक होते. १९८९ च्या कायद्याचे कलम ११३ सांगते, की जीवितहानी झाल्यास जवळच्या स्टेशनमास्तरने जिल्हा दंडाधिकारी व पोलीस अधीक्षकांना विनाविलंब कळवावे.

पण खबर तपासायची कोणी? पूर्वी तपासणारे निरीक्षक रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली असत. १७ जुलै १९३७ रोजी बिहारमध्ये बिहटा येथे एक्स्प्रेस घसरली, शंभराहून अधिक माणसे दगावली. न्यायमूर्ती सर जॉन थॉम यांनी चौकशी केली. पुढे मे १९४१ मध्ये निरीक्षकांना रेल्वे बोर्डापासून वेगळे करण्यात आले. आजचे रेल्वे सुरक्षा आयुक्तही नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत, ते म्हणूनच.

तरी एक प्रश्न उरला. अपघात म्हणायचे कशाला? गाड्यांची टक्कर झाली, डबे घसरले, तर तो रेल्वे अपघात. रूळ ओलांडताना मेलेला माणूस त्या आकड्यांत येत नाही, तो ‘अतिक्रमण करणारा’ ठरतो. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ मध्ये सांगितले, की अशी सुमारे १५ हजार माणसे दरवर्षी मरतात. त्यांपैकी सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. या मृत्यूंची जबाबदारी घ्यायला रेल्वे राजी नाही, असेही समितीने सुनावले.

गाडीतून पडणाऱ्यांसाठी १९९४ मध्ये ‘अनुचित घटना’ हा शब्द कायद्यात आला. चढताना पडलेलाही त्यात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले. मृताजवळ तिकीट सापडले नाही, एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येणार नाही, हे २०१८ मध्ये सांगितले. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, लोकलमध्ये माणसे गुरांसारखी कोंबली जातात याची लाज वाटते, असे म्हटले. पुढच्याच वर्षी, ९ जूनला, मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडले. त्या दिवशी चौघे गेले.

मुंब्रा आमच्यापासून खाडीपलीकडे. लोकलसाठी भिवंडीकर रोज ठाणे किंवा कल्याण गाठतो. तो संध्याकाळी परतला नाही, तर त्याचे नाव कोणत्या रकान्यात लिहिले जाते, यावर त्याच्या घरची चूल अवलंबून असते.