अवक्षेपणातून औषधाकडे : टायरोथ्रिसिनच्या शुद्धीकरणाचा इतिहास

प्रस्तावना :
प्रतिजैविकांचा इतिहास बहुधा शोधाच्या क्षणापासून सांगितला जातो. परंतु एक सूक्ष्मजीव दुसऱ्याला मारतो हे दिसणे आणि संवर्धद्रवातून ते मारक द्रव्य वेगळे काढणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा परिणाम दिसला. मात्र ते पुरेसे शुद्ध करता न आल्याने औषध म्हणून त्याचा उपयोग दहा वर्षांहून अधिक काळ रखडला. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रेने द्यूबो यांनी प्रसिद्ध केलेल्या द्रव्याची कथा याच्या उलट आहे.

शुद्धीकरणाची पद्धत :
द्यूबो यांनी मातीला जिवंत ग्रॅम-धन जंतूंचा पुरवठा करून त्यांचा नाश करणारा बॅसिलस ब्रेव्हिस हा जीवाणू मिळविला. त्याच्या संवर्धद्रवात आम्ल मिसळताच साका खाली बसे. हा साका गाळून अल्कोहोलमध्ये घेतला की क्रियाशील द्रव्य विरघळे आणि बरीचशी प्रथिने मागे राहत. या द्रावणात मिठाचे पाणी भरपूर मिसळल्यावर ते द्रव्य पुन्हा अवक्षेपित होई. यालाच टायरोथ्रिसिन हे नाव मिळाले. पुढे रोलिन हॉचकिस यांच्या सहकार्याने त्यातून ग्रामिसिडिन व टायरोसिडिन हे दोन घटक स्फटिकरूपात वेगळे करण्यात आले.

ही पद्धत यशस्वी होण्याचे कारण द्रव्याच्या स्वभावात होते. ते आम्लात टिकते, अल्कोहोलमध्ये विरघळते व पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पेनिसिलिन मात्र आम्लात लवकर नष्ट होते. म्हणूनच ऑक्सफर्ड येथे नॉर्मन हीटली यांना ते थंड आम्लधर्मी द्रवातून ईथरमध्ये आणि तेथून पुन्हा अल्कधर्मी पाण्यात आणावे लागले.

मर्यादा :
ज्या गुणधर्मामुळे शुद्धीकरण सोपे झाले, त्याच गुणधर्माने उपचाराला मर्यादा घातली. ग्रामिसिडिनची साखळी मुख्यतः जलविरोधी अमिनो आम्लांची आहे. त्यामुळे ते पाण्यातून बाहेर पडते आणि पेशीपटलातील मेदात सहज शिरून आयनांना वाट करून देते. हा परिणाम जंतूंपुरता राहत नाही. रक्तातील तांबड्या पेशीही फुटतात. टायरोसिडिनही रक्तपेशींना घातक ठरते. परिणामी टायरोथ्रिसिन रक्तात टोचता आले नाही. जखमांवर व त्वचेवर लावण्यापुरताच त्याचा उपयोग राहिला. ग्रामिसिडिन आजही डोळ्यांत घालण्याच्या काही थेंबांत वापरले जाते.

निष्कर्ष :
अवक्षेपण ही केवळ औषधातील मळ काढण्याची क्रिया नाही. कोणते द्रव्य कोणत्या द्रवात विरघळते आणि कोठे खाली बसते, यातून त्याच्या शरीरातील वर्तनाचीही सूचना मिळते. सहज हाती आलेले टायरोथ्रिसिन त्वचेपाशी थांबले, तर कष्टाने मिळविलेले पेनिसिलिन रक्तापर्यंत पोहोचले. प्रतिजैविकांच्या इतिहासात शोधकर्त्याच्या सूक्ष्मदर्शकाइतकेच स्थान शुद्धीकरणाच्या भांड्यालाही द्यावे लागते, ते यामुळेच.