माईक कुणाजवळ ठेवला?

बचत गटाच्या बैठकीत आपण ठराव लिहितो, हिशेब लिहितो आणि खाली सह्या घेतो. लिहिलं नाही ते पुढे कुणी मानत नाही, हे आपल्याला अनुभवानं ठाऊक आहे. आवाजाचंही तसंच आहे. आवाज साठवणारं यंत्र आपल्या देशात येऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. त्यात कुणाचा आवाज राहिला आणि कुणाचा पुसला गेला, हे बरेचदा एका साध्या गोष्टीवर ठरलं. यंत्राचा कान कुणाजवळ ठेवला होता? आज तारेच्या वाद्यांच्या निमित्तानं आम्ही मुंबईतली ही हकिगत सांगणार आहोत. शेवटी घरी एकतारी, तुणतुणं रेकॉर्ड करताना माईक कुठला घ्यावा आणि कुठे ठेवावा, तेही सांगू.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग रेकॉर्डिंगसाठी हिंदुस्थानात आला. कलकत्त्यात त्यानं गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा माईक नव्हता, मोठा कर्णा होता. गायिकेनं कर्ण्यात तोंड घालून गायचं. त्या आवाजाच्या जोरानं सुई थरथरायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जायची. सुमारे तीन मिनिटांत गाणं आटपावं लागे. कर्ण्याला मोठा, खणखणीत आवाज ऐकू येई, तारेचा नाजूक आवाज त्यात हरवे. विलायतेत तर स्ट्रो नावाच्या कारागिरानं व्हायोलिनलाच कर्णा जोडला होता.

गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत असे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तिथल्या लोकांना कुणाची तबकडी कुठली हे कळावं म्हणून. त्यामुळे त्या बाईचं नाव राहिलं. पण तिच्या मागे सारंगी धरून बसलेल्यानं नाव सांगितलं नाही, आणि बहुतेक तबकड्यांवर ते छापलंही गेलं नाही.

मुंबईत गिरगावजवळ केनेडी ब्रिजच्या आसपास गायिकांची घरं होती. तिथे सारंगीवाचून गाणं होत नसे. सारंगी एका अखंड लाकडातून कोरतात, पुढे कातडं मढवतात. वाजवायच्या तीन तारा आतड्याच्या असतात आणि खाली पस्तीसएक बारीक तरफा असतात. वरची तार वाजली की तरफा आपोआप झणझणतात. गळ्याची इतकी जवळची नक्कल करणारं दुसरं वाद्य नाही असं म्हणतात. तरी कोठ्यावरचं वाद्य म्हणून त्याला आणि वाजवणाऱ्याला समाजानं खाली बसवलं.

१९२५ च्या सुमारास विजेच्या माईकनं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि काही वर्षांत ते आपल्याकडेही आलं. २३ जुलै १९२७ ला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. माईकला नाजूक तारही ऐकू येऊ लागली. १९४० मध्ये आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली, ती तीसएक वर्षं टिकली. त्यामुळे सारंगीला रेडिओवर काम मिळालं. पण माईक होता गायकासमोर, सारंगी मागेच.

ही बैठक मोडायला निघाले पंडित रामनारायण. १९४९ मध्ये ते मुंबईत आले. १९५० मध्ये एचएमव्हीसाठी त्यांनी नुसत्या सारंगीचं वादन मुद्रित केलं. १९५४ मध्ये फोर्टातल्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये ते एकटे वाजवायला बसले, तर श्रोत्यांनी त्यांना धड वाजवू दिलं नाही. त्यांनी हार मानली नाही. लहान मैफलींत वाजवत राहिले आणि १९५६ मध्ये मुंबईतल्याच महोत्सवात लोकांनी ते मन लावून ऐकलं. पुढे त्यांनी साथ करणं सोडलं आणि सारंगी जगभर नेली. त्यांची मुलगी अरुणा नारायण हिनंही मैफलीत सारंगी वाजवली. बाईच्या मागे बसणारं वाद्य बाईच्याच हाती आलं.

याच मुंबईत उलट गोष्टही घडली. अन्नपूर्णादेवी सुरबहार वाजवत. सुरबहार म्हणजे सतारीचं मोठं, खोल आवाजाचं भावंड. त्यांनी लोकांसमोर वाजवणं थांबवलं आणि ब्रीच कँडीच्या घरात वर्षानुवर्षं शिष्य घडवले. हरिप्रसाद चौरसियांसारखे कलावंत त्यांच्याकडे शिकले. १९७७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण स्वतःची रेकॉर्ड त्यांनी काढली नाही. खासगीत झालेली थोडकी मुद्रणं तेवढी आज ऐकायला मिळतात. २०१८ मध्ये त्या गेल्या. हळहळ वाटते, पण तो निर्णय त्यांचा होता. म्हणून पहिला नियम हाच: माईक लावण्याआधी वाजवणाऱ्याला विचारा.

आता परळ-लालबागला या. आपल्यापैकी कितीजणींचे आजोबा-वडील तिथल्या गिरण्यांत होते. गावाकडचं भजन, शाहिरी आणि तमाशा त्यांच्याबरोबर चाळीत आले, आणि एकतारी-तुणतुणंही आलं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्या चाळी आता पाडून तिथे टॉवर उभे राहताहेत. खोलीबरोबर खुंटीवरचं वाद्यही जातं. आपल्या गावातही वाजवणारे हात म्हातारे होत चाललेत. म्हणून हे काम आपण करायचं.

माईक दोन प्रकारचे मिळतात. सभेत हातात धरतात तो डायनॅमिक. तो दणकट असतो आणि जवळचंच ऐकतो, म्हणून गोंगाटाच्या घरात उपयोगी. दुसरा कंडेन्सर. त्याला वीज लागते, पण तारेची बारीक झणझण तोच नीट टिपतो. मात्र पंखा आणि शेजारचा कुकरही टिपतो. खोली शांत असेल तर कंडेन्सर, नसेल तर डायनॅमिक. दोन्ही नसले तर मोबाईलही चालतो. तो एअरप्लेन मोडवर टाका, माईकचं भोक वाद्याकडे करा आणि खाली घडी घातलेलं लुगडं ठेवा, म्हणजे टेबलाची धडधड येणार नाही.

जागा कशी शोधायची? वाजवणाऱ्याला वाजवू द्या. एक कान बोटानं बंद करून दुसरा कान वाद्याभोवती फिरवा. जिथे वाद्य पूर्ण ऐकू येईल तिथे माईक ठेवा. बहुधा ती जागा एक ते दीड फुटावर, थोडी तिरकी सापडते. अगदी चिकटवला तर आवाज घुमा होतो आणि नखाची खरखर वर येते. लांब नेला तर खोलीच जास्त ऐकू येते, कारण अंतर दुप्पट झालं की वाद्याचा थेट आवाज चौथाईवर येतो आणि खोलीतली घुमघुम तेवढीच राहते. तुणतुण्याचं कातडं खालच्या तोंडाला असतं, तिकडेही कान नेऊन पाहा. वाजवणारा गात असेल तर माईक गळ्यापेक्षा वाद्याच्या जवळ ठेवा, गळा आपोआप पोचतो.

खोलीच्या कोपऱ्यात बसू नका. भिंतीवर दोन गोधड्या टांगा आणि पंखा बंद करा. आधी सगळ्यात जोरात वाजवायला सांगून आवाज फाटतो का ते हेडफोन लावून पाहा. एकदा अर्ध्या फुटावर, एकदा दीड फुटावर, असं दोनदा रेकॉर्ड करून तुलना करा.

आणि सुरुवातीला वाजवणाऱ्याचं नाव, गाव, वाद्य आणि तारीख मोठ्यानं सांगा. शक्यतो त्यांच्याच तोंडून. वाद्य कुणी बनवलं हे माहीत असेल तर तेही. शंभर वर्षांपूर्वी सारंगी धरणाऱ्याला नाव कुणी विचारलं नाही. आपल्या गावातली एकतारी वाजवणारी आजी निनावी राहू नये, एवढं तर आपल्या हाती आहे.