४३ गोलांचा सीझन: टॉपरची यादी मागे वळून कशी वाचायची?

संशोधनाचा विषय शोधताना एक मोह जवळजवळ सगळ्यांना होतो. 'सर्वांत यशस्वी' असं काहीतरी उचलायचं आणि ते का यशस्वी झालं ते शोधून काढायचं. सर्वाधिक उत्पादन घेणारी गावं, सर्वोत्तम निकाल लावणाऱ्या शाळा, सगळ्यांत जास्त नफा कमावणाऱ्या कंपन्या. सिनॉप्सिस झकास दिसतो, गाइडही खूश होतात. पण यादीतलं नाव यादीत कसं आलं, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

हा प्रश्न समजून घ्यायला आज एक लांबचं उदाहरण घेऊ या: फँटसी हॉकीचा २०१७-१८ चा सीझन. हॉकी म्हणजे आपली मैदानावरची नव्हे, तर उत्तर अमेरिकेतली बर्फावरची. खेळाची आवड नसली तरी काही बिघडत नाही. या उदाहरणाचा फायदा असा की इथे प्रत्येक शॉटची नोंद असते आणि 'पुढच्या वर्षी काय झालं' हेही आपल्याला माहीत असतं. आपल्या संशोधनात अशी चैन क्वचितच मिळते.

आधी फँटसीबद्दल थोडं

ड्रीम ११ मुळे फँटसी हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. पण ती एका सामन्यापुरती टीम. अमेरिका-कॅनडातली पारंपरिक फँटसी लीग पूर्ण सीझनची असते. दहा-बारा मित्र सीझनच्या आधी ड्राफ्ट करतात, म्हणजे आळीपाळीने खरे खेळाडू निवडतात. मग ऑक्टोबर ते एप्रिल, ८२ सामने, त्या खेळाडूंच्या गोल, असिस्ट, शॉट वगैरे आकड्यांवर तुमची टीम चढते किंवा उतरते.

गंमत म्हणजे या प्रकाराची एक मुळी विद्यापीठातच आहे. १९६० साली विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने हार्वर्डमधल्या सहकाऱ्यांबरोबर 'बेसबॉल सेमिनार' नावाचा असाच खेळ सुरू केला. पुढे गॅमसन मिशिगन विद्यापीठात गेले, तिथल्या एका प्राध्यापकाकडून ही कल्पना डॅनियल ओक्रेंट या विद्यार्थ्याच्या कानावर गेली आणि १९८० मध्ये ओक्रेंटने मित्रांबरोबर बेसबॉलचीच 'रोटिसरी लीग' काढली. नाव आलं ते न्यूयॉर्कमधल्या ज्या रेस्टॉरंटमध्ये ही मंडळी जमायची त्याच्यावरून. आजच्या फँटसीचा साचा तिथून आला.

फँटसी खेळणारा दर वर्षी एकच काम करतो: मागच्या वर्षीच्या आकड्यांवरून पुढच्या वर्षाचा अंदाज. म्हणजे संशोधकाचंच काम, फक्त चुकलं की लगेच कळतं.

त्या सीझनचा हिरो

२०१७-१८ मध्ये एनएचएल या लीगमध्ये एक कोरी करकरीत टीम आली, व्हेगास गोल्डन नाइट्स. जून २०१७ मधल्या एक्स्पान्शन ड्राफ्टमध्ये इतर क्लबांनी संरक्षित न केलेल्या खेळाडूंमधून ही टीम उभी राहिली. त्यातलाच एक विल्यम कार्लसन, वय २४, स्वीडनचा. आधीच्या वर्षी कोलंबसकडून खेळताना त्याने ८१ सामन्यांत ६ गोल केले होते. त्याच्या आधीच्या वर्षी ९. कोलंबसने तर व्हेगासला त्यालाच घ्यायला लावताना वर ड्राफ्टमधले हक्कही देऊन टाकले. अशा खेळाडूला फँटसीत हात लावायचं काही कारण नव्हतं.

त्या सीझनमध्ये कार्लसनने ४३ गोल केले. संपूर्ण लीगमध्ये तिसरा; वर होते फक्त अलेक्झांडर ओव्हेच्किन (४९) आणि पॅट्रिक लाइने (४४). एकूण ७८ पॉइंट, आणि प्लस-मायनसमध्ये +४९, लीगमध्ये सर्वाधिक. व्हेगास पहिल्याच वर्षी स्टॅन्ली कपच्या फायनलला पोचली आणि वॉशिंग्टनकडून ४-१ ने हरली. ज्याच्या फँटसी टीममध्ये कार्लसन होता त्याची चांदी झाली.

त्याच वर्षीचा दुसरा हिरो कोलोराडोचा नेथन मॅकिनन. आधीच्या सीझनला ५३ पॉइंट, या सीझनला ७४ सामन्यांतच ९७. गोल १६ वरून ३९.

वर्ष संपल्यावर यादी काढली तर दोघे शेजारी-शेजारी बसतात: 'अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त.' आता प्रश्न: पुढच्या वर्षी दोघांकडून काय अपेक्षा धरायची?

उडीचे तुकडे पाडा

गोलांचा आकडा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: किती शॉट मारले आणि त्यातले किती टक्के गोल झाले. शॉटची संख्या दर वर्षी बऱ्यापैकी टिकते, कारण ती खेळाडूला मिळणारी मिनिटं, त्याची जागा आणि सवय यांवर ठरते. टक्केवारी मात्र खूप हलते. गोलरक्षकाच्या पायाला लागून आत गेलेला आणि त्याच पायाला लागून बाहेर गेलेला पक, दोन्ही तिच्यातच मोजले जातात.

कार्लसनने ४३ गोलांसाठी मारले १८४ शॉट. म्हणजे २३.४ टक्के. लीगची सरासरी तेव्हा ९ टक्क्यांच्या आसपास होती. हा आकडा नुसत्या नशिबाने येऊ शकतो का, तेही बघू. समजा त्याची 'खरी' क्षमता १२ टक्के. मग १८४ शॉटमध्ये साधारण २२ गोल अपेक्षित, आणि प्रमाण विचलन सुमारे ४.४. ४३ हा आकडा पावणेपाच विचलनं वर आहे. योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. आता क्षमता १६ टक्के धरा. अपेक्षित २९, विचलन ५, म्हणजे ४३ पावणेतीन विचलनांवर. अशी गोष्ट साधारण तीनशेत एकदा होते. आणि लीगमध्ये खेळाडू शेकडो आहेत! त्यांतल्या कुणाच्या तरी वाट्याला ती येणारच, आणि ज्याच्या वाट्याला येते तोच आपल्या यादीच्या टोकाला दिसतो.

तेव्हा निष्कर्ष 'सगळं नशीब' असा निघत नाही. कार्लसन खरोखर बदलला होता. कोलंबसमध्ये मागच्या फळीत खेळणारा हा सेंटर व्हेगासमध्ये जोनाथन मार्शेसो आणि राइली स्मिथ यांच्याबरोबर पहिल्या फळीत आला आणि बर्फावरचा त्याचा वेळ बराच वाढला. सुधारणा खरी, पण तिच्यावर नशिबाचा एक जाड थर.

मॅकिननचे तुकडे पाडले की चित्र वेगळं दिसतं. २०१६-१७ मध्ये त्याने २५१ शॉट मारले होते आणि गोल फक्त १६, म्हणजे ६.४ टक्के. ते वर्ष खड्ड्यातलं होतं. २०१७-१८ मध्ये ७४ सामन्यांत २८४ शॉट, १३.७ टक्के. टक्केवारी वर आली हे खरं, पण त्याचबरोबर सामन्यामागे शॉट ३.१ वरून ३.८ वर गेले. म्हणजे टिकणारा भागही वाढला होता.

पुढच्या वर्षी काय झालं? कार्लसन: २४ गोल, ५६ पॉइंट. शॉटमध्ये फार फरक नाही, टक्केवारी १४ च्या जवळ. मॅकिनन: ४१ गोल, ९९ पॉइंट. त्याचीही टक्केवारी घसरून ११.२ झाली, पण शॉट ३६५ वर गेले आणि घसरण भरून निघाली.

यादीत दोघे शेजारी होते. तुकड्यांमध्ये ते शेजारी नव्हते.

ही गोष्ट १३० वर्षांहून जुनी आहे

फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये २०५ कुटुंबांतल्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला. खूप उंच आईवडिलांची मुलं सरासरीपेक्षा उंच, पण आईवडिलांइतकी टोकाला नाहीत. बुटक्यांच्या बाबतीत उलट. यालाच आपण आज सरासरीकडे परतणं, रिग्रेशन टू द मीन म्हणतो. आकडेवारीतल्या 'रिग्रेशन' शब्दाचा उगम इथलाच.

यात एक बारकावा आहे जो वर्गात बहुतेक वेळा निसटतो. ही ओढ उलट्या दिशेनेही दिसते. खूप उंच मुलं निवडा आणि त्यांचे आईवडील बघा, तेही सरासरीच्या जवळ सापडतील. मुलांमुळे आईवडिलांची उंची बदलत नाही, म्हणजे इथे कार्यकारणभाव शोधण्यात अर्थ नाही. निवड ज्या टोकाला केली, त्याच्या दुसऱ्या टोकाला ओढ दिसते, एवढंच.

हा बारकावा न ओळखण्याची किंमत होरेस सेक्रिस्ट यांनी मोजली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले नावाजलेले प्राध्यापक. १९३३ मध्ये त्यांचं जाडजूड पुस्तक आलं, 'द ट्रायम्फ ऑफ मीडिऑक्रिटी इन बिझनेस'. अनेक उद्योगांतल्या कंपन्यांचे पहिल्या वर्षाच्या कामगिरीनुसार गट पाडले आणि पुढची वर्षं तपासली. उत्तम गट खाली आला, वाईट गट वर आला. सेक्रिस्ट यांचा निष्कर्ष: स्पर्धेमुळे उद्योग सुमारपणाकडे ओढले जातात. वर्षानुवर्षांची मेहनत, शेकडो तक्ते.

हॅरल्ड होटेलिंग यांनी परीक्षण लिहिलं आणि दाखवून दिलं की हे उद्योगांबद्दलचं सत्यच नाही, गट पाडण्याच्या पद्धतीतून आपोआप निघणारा परिणाम आहे. पहिल्याऐवजी शेवटच्या वर्षानुसार गट पाडले असते तर कंपन्या एकमेकींपासून दूर जाताना दिसल्या असत्या! पुढे वाद वाढल्यावर होटेलिंग यांनी जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की हत्तींना ओळीत उभं करून पाढे सिद्ध करता येतात, मनोरंजनही होतं, पण गणितात किंवा प्राणिशास्त्रात त्याने काही भर पडत नाही.

आपलं हॉकीचं उदाहरणही उलटं करून बघा. २०१८-१९ च्या टॉपरांमध्ये एडमंटनचा लिऑन ड्रायसाइटल होता, ५० गोल. आधीच्या वर्षी त्याचे गोल? २५. मागे जा किंवा पुढे जा, टोकाच्या शेजारचं वर्ष बहुतेक वेळा मधल्या भागात असतं.

पण इथे थांबू नका

सरासरीची ही ओढ नवीन शिकलेला विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातो: जे चांगलं दिसेल ते सगळं 'लक' म्हणून मोकळा होतो. ड्रायसाइटल हाच त्यावरचा उतारा. २०१८-१९ मध्ये त्याची टक्केवारी होती २१.६, कार्लसनच्या आकड्याच्या फार मागे नाही. त्याच तर्काने तोही कोसळायला हवा होता. पुढच्या, कोविडमुळे अर्धवट थांबलेल्या सीझनमध्ये ७१ सामन्यांत ४३ गोल, १९.७ टक्के. त्यानंतर २०२१-२२ मध्ये ५५ आणि २०२२-२३ मध्ये ५२. इथे टक्केवारीत खरं कौशल्यच होतं.

एका सीझनच्या आकड्यात कार्लसन आणि ड्रायसाइटल वेगळे ओळखता येत नाहीत. वेगळे ओळखू येतात ते पुढच्या मापनात. सरासरीकडे परतणं हा गटाबद्दलचा नियम आहे, एकट्या माणसाबद्दलचा निकाल नाही.

व्हेगासने काय केलं ते बघण्यासारखं आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात ४३ गोलवाल्या कार्लसनशी करार केला तो फक्त एका वर्षाचा, ५२.५ लाख डॉलरचा. पुढच्या जूनमध्ये, २४ गोलांच्या वर्षानंतर, आठ वर्षांचा करार, वर्षाला सरासरी ५९ लाख डॉलर. करारांना वाटाघाटीची इतर कारणं असतातच, पण संशोधकाच्या भाषेत याला म्हणायचं दुसरं मापन घेऊन मग निर्णय. आणि हा निर्णय वाया गेला नाही. २०२३ मध्ये व्हेगासने स्टॅन्ली कप जिंकला, कार्लसन त्या टीममध्ये होता. २०२३-२४ मध्ये त्याने ७० सामन्यांत ३० गोल केले. चांगला खेळाडू तो होताच. फक्त ४३ गोलांचा खेळाडू नव्हता.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

'यशस्वी' किंवा 'अपयशी' नमुने निवडून अभ्यास करणार असाल तर गाइडकडे जाण्याआधी हे तपासा:

१. निवड कोणत्या आकड्यावर केली? तोच आकडा पुढे 'बदल' मोजायला वापरणार असाल तर सावध. सर्वांत कमी गुणांची मुलं निवडून त्यांना प्रशिक्षण दिलं, तर प्रशिक्षणाविनाही काहींचे गुण वाढतील. तशाच मुलांचा तुलना-गट हवाच.

२. आकड्याचे तुकडे पडतात का? हेक्टरी उत्पादन असो की शाळेचा निकाल, कोणता भाग दर वर्षी टिकतो आणि कोणता हलतो ते वेगळं काढा.

३. एकाहून जास्त वर्षांचा डेटा मिळेल का? मिळत असेल तर निवडीसाठी एक वर्ष आणि मोजमापाची सुरुवात दुसऱ्या वर्षापासून.

४. विश्लेषण उलट्या दिशेने चालवून पाहिलंत का? शेवटच्या वर्षाचे टॉपर घेऊन मागे गेलात आणि तसाच 'परिणाम' दिसला, तर तो तुमच्या उपक्रमाचा नाही.

चौथी तपासणी एका दुपारी होते. सेक्रिस्ट यांच्याकडे आकडे सगळे होते. ती दुपार तेवढी राहून गेली.