देवळालीचा ताप



शब्दांचीं कुळें शोधण्याचा नाद एकदां लागला म्हणजे माणूस कोठें जाऊन पोहोंचेल याचा नेम नसतो. इंग्रजी बोलभाषेंत 'डूलाली' म्हणून एक शब्द आहे. भ्रमिष्टासारखें वागणाऱ्या माणसास तो थट्टेनें लावतात. हा शब्द म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपल्या नाशिकजवळची देवळाली होय.

परक्याच्या जिभेवर गांवांचीं नांवें पालटतात, यांत नवल नाहीं. आमच्या वाशीमचेंच पाहा. वाकाटकांचें वत्सगुल्म लोकांच्या तोंडीं वाशीम झालें आणि इंग्रजी दप्तरांत 'बासिम' म्हणून चढलें. परंतु येथें उच्चारच तेवढा मोडला. देवळालीच्या नांवास मात्र वेडाचा अर्थ चिकटला. तो कां?

देवळालीस १८६१ पासून इंग्रज फौजेची छावणी होती. हिंदुस्थानांतील नोकरीची मुदत भरलेले गोरे शिपाई स्वदेशीं जाण्यासाठीं तेथें गोळा होत. त्यांना नेणारीं जहाजें सुटत तीं साधारणतः नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळांत. ज्याची मुदत हा हंगाम सरल्यावर भरे, त्यानें उन्हाळा आणि पावसाळा तेथेंच काढावयाचा. फ्रँक रिचर्ड्स या शिपायानें १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या आठवणींत या छावणीची हकीकत दिली आहे. या लोकांजवळ हत्यारें नसत. अधूनमधून सामानाची तपासणी आणि क्वचित एखादी लांबची कूच, एवढेंच काम. दिवस जातां जात नसे. ज्यांच्या नांवावर कधीं डाग नव्हता, असे शिपाईही तेथें बिघडत आणि घरीं जाण्याऐवजीं आधीं तुरुंगांत जात! या कंटाळ्यापायींच तो वाक्प्रचार निघाला असावा, असें रिचर्ड्सचें मत आहे, आणि मला तें पटतें. घराची वाट मोकळी झाली असतां घरीं जातां न येणें, याहून मोठा जाच तो कोणता?

मूळ प्रयोग 'डूलाली टॅप' असा. १९२५ सालच्या फ्रेझर व गिबन्स यांच्या सैनिकी शब्दसंग्रहांत तो नोंदलेला आहे. यांतील 'टॅप' म्हणजे ताप. इंग्रज कोशकार तो फारसी-हिंदुस्थानींतून आला असें सांगतात. संस्कृत 'तप्' धातूशीं त्याचें नातें उघडच आहे. आपणही ज्वराला ताप म्हणतों आणि नसत्या कटकटीला 'डोक्याला ताप' म्हणतों. छावणीच्या बाजारांत कानीं पडलेला हा शब्द शिपायानें अगदीं नेमक्या जागीं बसविला, हें कबूल केलें पाहिजे.

पुढें मात्र अन्याय झाला. बोलतां बोलतां 'टॅप' गळून पडला आणि 'डूलाली' तेवढा राहिला. ताप गेला आणि गांवच रोग ठरलें! वस्तुतः देवळालीची हवा उत्तम. मुंबईचीं पारशी व गुजराती कुटुंबें हवापालटासाठीं तेथें जात, त्यांनीं तेथें आरोग्यभुवनेंही बांधलीं. वेड लागलें तें जहाजांच्या वेळापत्रकामुळें. नांव मात्र देवळालीचें झालें.