अंगस्पर्श, संमती आणि १८९७ चा साथरोग कायदा

इंग्लिश अपकृत्य कायद्यात ‘बॅटरी’ नावाचा एक दावा आहे. मराठी वाचकास या शब्दाने विजेरी आठवावी हे स्वाभाविक होय. परंतु येथे त्याचा अर्थ दुसऱ्याच्या शरीरास संमतीवाचून, हेतुपुरस्सर केलेला स्पर्श असा आहे. त्यासाठी इजा सिद्ध करावी लागत नाही. रागाने केलेला अल्पसा स्पर्शही पुरेसा होतो, असे न्यायाधीश होल्ट यांनी १७०४ मध्येच म्हटले होते. गर्दीतील धक्का मात्र लोकव्यवहाराचा भाग समजला जातो. हिंदुस्थानात हा कायदा संहिताबद्ध झाला नाही. फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८६ मध्ये सिद्ध केलेला मसुदा तसाच पडून राहिला आणि न्यायालये इंग्लिश निवाड्यांचाच आधार घेत राहिली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. या रोगाच्या गाठी काखेत, जांघेत व मानेवर येतात. त्यामुळे घरोघरच्या व आगगाडीच्या तपासणीत नेमक्या त्याच अवयवांना परक्या हाताचा स्पर्श होणे अटळ होते. त्यासाठी संमती कोणी विचारीत नसे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. त्याच्या चौथ्या कलमाने, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल दावा चालणार नाही, असे ठरविले. अवघ्या एका वाक्याचे हे कलम. पण त्याने वादाचा विषयच पालटला. स्पर्श झाला की नाही हे आता गौण ठरले. करणाऱ्याची भावना काय होती, एवढेच उरले.

पुण्यात रँड यांच्या समितीने तपासणीस गोरे सोजीर लावले, तेव्हा स्त्रियांच्या तपासणीबद्दलच्या तक्रारींना दिवाणी न्यायालयाचा दरवाजा जवळजवळ बंदच होता. त्या अर्जांतून व वृत्तपत्रांतून मांडल्या गेल्या. तेथे प्रमाणाची कसोटी निराळी होती. इंग्लंडमध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सोजिरांवर स्त्रियांवरील अत्याचाराचा आरोप केला. पुरावा देता न आल्याने १८९७ मध्येच त्यांना जाहीर माफी मागावी लागली. आरोप अत्याचाराचा होता. साध्या संमतीवाचूनच्या स्पर्शाचा नव्हे. तथापि मोठा आरोप मागे घेतला गेला तेव्हा ही लहान, सार्वत्रिक तक्रारही त्याच्याबरोबर वाहून गेली, असे दिसते. २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली होतीच. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्रात हाच कायदा लागू झाला, तेव्हाही त्याचे चौथे कलम कायम होते.