माळव्याच्या अफूचा धडा

आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सातपुडा उभा आहे. त्यापलीकडे नर्मदा व विंध्य ओलांडले की माळवा लागतो. पेंढाऱ्यांच्या धुमाकुळाने आणि १८१८ पर्यंतच्या युद्धांनी होरपळलेल्या या मुलखात ईस्ट इंडिया कंपनीने शांतता प्रस्थापित केली व लगोलग तेथील अफूकडे दृष्टी वळविली. बंगालच्या अफूचा मक्ता १७७३ पासून तिच्याकडे होता; चीनच्या बाजारात माळव्याची अफू त्यास शह देत होती. म्हणून १८२० नंतरच्या दशकात होळकरांसह अनेक संस्थानिकांशी करार झाले, पेऱ्यावर बंधने आली, वाटांवर पहारे बसले. तेव्हा अफूने पाली, कराची असा वळसा घेऊन पोर्तुगीजांचे दमण गाठले! अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने माघार घेतली व मुंबईस जाणाऱ्या पेट्यांवर परवाना-शुल्क बसविले.

१८९३ मध्ये नेमलेल्या शाही अफू आयोगाने सातशेहून अधिक साक्षी घेतल्या. परंतु १८९५ च्या अहवालात व्यापाराचीच पाठराखण केली. महसुलाचे पारडे जड ठरले.

आज १९८५ च्या कायद्यानुसार परवान्याविना खसखशीचा पेरा हा गुन्हा आहे आणि तो असावा, असेच आम्ही मानतो. मात्र पहारा वाट अडवितो, गरज नव्हे, हे माळव्याने दाखविले आहे. कपाशी बुडाली व सावकार दारी आला की आडवाट मोहात पाडते. अशा शेतकऱ्याच्या घरी पोलिसांआधी शेजारधर्माने पोहोचणे, हे आपणां सर्वांचे कर्तव्य आहे.